'ही पिढी' आणि इ. स. ७० : अंतकाळाच्या भविष्यवाण्या पूर्ण झाल्या काय, या ख्रिस्ती वादाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

ख्रिस्ती धर्मग्रंथातील तीन शुभवर्तमानांत एक प्रसंग थोड्याफार फरकाने आला आहे. येशू शिष्यांसह यरुशलेमच्या मंदिरातून बाहेर पडत असतो. शिष्य मंदिराच्या प्रचंड चिऱ्यांकडे त्याचे लक्ष वेधतात, तेव्हा येथे चिऱ्यावर चिरा उरणार नाही असे तो सांगतो. पुढे जैतुनांच्या डोंगरावर बसून तो युद्धे, दुष्काळ, छळ, सूर्यचंद्रांचे काळवंडणे आणि मेघांवरून होणारे मनुष्यपुत्राचे आगमन यांविषयी बोलतो, आणि हे सर्व 'ही पिढी' सरण्यापूर्वी घडेल असा निर्वाळा देतो. मत्तयाच्या चोविसाव्या, मार्काच्या तेराव्या आणि लूकाच्या एकविसाव्या अध्यायात हे प्रवचन आढळते.

येशूला क्रूसावर देण्यात आले ते इ. स. ३० च्या सुमारास. यरुशलेमचे मंदिर रोमन सैन्याच्या हातून भस्मसात झाले ते इ. स. ७० मध्ये. मधले अंतर चाळीस वर्षांचे, म्हणजे सर्वसाधारणपणे एका पिढीचे. भाकिताचा एक भाग सांगितलेल्या मुदतीत घडून आला; दुसरा भाग, म्हणजे मेघारूढ आगमन, जगाचा न्याय आणि मृतांचे पुनरुत्थान, घडल्याची नोंद मात्र कोणत्याही इतिहासकाराने केलेली नाही. या उरलेल्या भागाचा अर्थ कसा लावावयाचा, हा प्रश्न ख्रिस्ती विचारवंतांना जवळजवळ दोन हजार वर्षे छळत आला आहे.

'या भविष्यवाण्या मुख्यतः पहिल्या शतकातच पूर्ण झाल्या' असे मानणाऱ्या मताला, 'सरलेले' या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून, प्रीटेरिझम असे नाव पडले. प्रस्तुत निबंधात त्यासाठी 'पूर्तिवाद' हा शब्द योजला आहे. त्याच्यासमोर दोन प्रतिपक्ष उभे आहेत. प्रकटीकरणाच्या पुस्तकात मंडळीचा पहिल्या शतकापासून आजवरचा इतिहास क्रमाने सांगितला आहे असे मानणारा इतिहासक्रमवाद हा एक, आणि त्यातील बहुतेक घटना अजून घडावयाच्या आहेत असे मानणारा भविष्यवाद हा दुसरा.

या विषयाकडे प्रस्तुत लेखक वळला त्याचे निमित्त अगदी साधे आहे. तृतीय वर्ष कला शाखेच्या वर्गात रोमन साम्राज्य शिकवताना टायटसच्या विजयकमानीचे चित्र दाखवले असता एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, मग बायबलमधलं भाकीत खरं ठरलं असं म्हणायचं का?" त्यावर 'तो धर्मशास्त्राचा प्रश्न आहे' असे ठरावीक उत्तर देऊन वेळ मारून नेली. नंतर विचार करता हे उत्तर अपुरे असल्याचे जाणवले. भाकीत खरे ठरले की नाही हे सांगणे इतिहासकाराचे काम नसेल. पण भाकीत केव्हा लिहिले गेले, ते पूर्ण झाले असे प्रथम कोण म्हणाले आणि कोणत्या गरजेपोटी म्हणाले, हे तपासणे निश्चितच त्याचे काम आहे. तसे तपासले असता दिसून येते ते असे की, पूर्तिवाद दर वेळी आपल्या काळातील एखाद्या संकटावरचे उत्तर म्हणून पुढे आला आणि त्या उत्तरासाठी त्याला ग्रंथांच्या कालनिर्णयाची मदत घ्यावी लागली. ही मदत कालनिर्णयाचे शास्त्र कितपत देऊ शकते, हाच या निबंधाचा मुख्य प्रश्न आहे.

यरुशलेमचा पाडाव आणि त्याचा साक्षीदार

रोमन सत्तेविरुद्ध यहुदियातील उठाव इ. स. ६६ मध्ये सुरू झाला. तो मोडून काढण्यासाठी नीरोने व्हेस्पेशियनला पाठवले. ६८ मध्ये नीरोने आत्महत्या केली, रोममध्ये यादवी माजली आणि ६९ मध्ये व्हेस्पेशियन स्वतःच सम्राट झाला. यरुशलेमचा वेढा चालवण्याचे काम त्याचा मुलगा टायटस याच्याकडे आले. ७० च्या वल्हांडण सणाच्या सुमारास वेढा पडला आणि त्या वर्षीच्या उन्हाळ्यात मंदिर जळाले.

या घटनेची सविस्तर हकिकत आपल्याला मुख्यतः एकाच माणसाकडून मिळते, तो म्हणजे जोसेफस. तो इ. स. ३७ मध्ये यरुशलेममधील एका याजक कुळात जन्मला, उठावात गालीलमध्ये यहुदी सेनापती होता, ६७ मध्ये योतापाता येथे रोमनांना शरण गेला आणि व्हेस्पेशियन सम्राट होईल असे भाकीत सांगून त्याने आपला जीव वाचवला. पुढे वेढ्याच्या वेळी तो टायटसच्या छावणीत दुभाषी होता आणि युद्धानंतर रोममध्ये व्हेस्पेशियनच्या जुन्या घरात, सम्राटाच्या वर्षासनावर राहून त्याने 'यहुदी युद्ध' हा ग्रंथ लिहिला. पूर्तिवादाची सारी इमारत ज्या साक्षीवर उभी आहे ती साक्ष अशा माणसाची आहे, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे.

जोसेफस वेढ्यात मेलेल्यांची संख्या अकरा लाख आणि युद्धकैद्यांची सत्त्याण्णव हजार देतो. टॅसिटस वेढ्यात सापडलेल्यांची संख्या सहा लाख सांगतो. शहराचा विस्तार पाहता दोन्ही आकडे आधुनिक इतिहासकारांना अतिशयोक्त वाटतात. पूर्तिवादी लेखकांना अधिक मोलाचा वाटतो तो जोसेफसच्या सहाव्या खंडातील अपशकुनांचा भाग. शहरावर तलवारीच्या आकाराचा तारा दिसला, एक धूमकेतू वर्षभर राहिला, सूर्यास्तापूर्वी ढगांतून धावणारे रथ आणि सशस्त्र सैन्य दिसले, मंदिराच्या आत 'आपण येथून निघून जाऊ' अशा अर्थाचा आवाज याजकांना ऐकू आला, असे तो लिहितो. हनन्याचा मुलगा येशू नावाच्या एका शेतकऱ्याचीही कथा त्याने दिली आहे. युद्धाच्या चार वर्षे आधीपासून हा माणूस यरुशलेमच्या गल्ल्यांतून 'हाय हाय' करीत फिरत असे. रोमन सुभेदाराने फटक्यांनी सोलून काढले तरी त्याचे ओरडणे थांबले नाही. सात वर्षे पाच महिन्यांनी, वेढ्यात यंत्राने फेकलेला धोंडा लागून तो मेला.

ढगांतील रथ म्हणजेच मेघांवरील आगमन, असे अनेक पूर्तिवादी सांगतात. येथे साधनचिकित्सा आवश्यक ठरते. आकाशातील सैन्य, आपोआप उघडणारे दरवाजे, देवतेचे नगर सोडून जाणे हे सर्व रोमन इतिहासलेखनातले ठरीव संकेत होत. लिव्हीच्या पानोपानी असे शकुन भेटतात. टॅसिटसनेही यरुशलेमचे हेच शकुन थोडक्यात दिले आहेत. परंतु त्याची माहिती जोसेफसकडून किंवा दोघांच्या समान साधनातून आलेली असणे शक्य आहे, तेव्हा तिला स्वतंत्र दुसरा पुरावा समजता येत नाही. शिवाय जोसेफसला एक गोष्ट सिद्ध करावयाची होती : देव यहुद्यांना सोडून रोमनांकडे गेला आणि म्हणून रोमनांना शरण जाणे हा द्रोह नव्हता. हे त्याचे स्वतःचे समर्थन होते. मंदिरातून निघून जाणारा आवाज त्या समर्थनात चपखल बसतो.

जोसेफसला ख्रिस्ती पुराव्याचे रूप दिले ते चौथ्या शतकात कैसरियाचा बिशप युसेबियस याने. आपल्या 'मंडळीचा इतिहास' या ग्रंथाच्या तिसऱ्या खंडात त्याने जोसेफसमधील वेढ्याची, विशेषतः दुष्काळाची वर्णने विस्ताराने उतरवून घेतली आणि येशूच्या शब्दांशी ती जुळतात असे दाखवले. युद्धापूर्वी यरुशलेममधील ख्रिस्ती मंडळी दैवी सूचना मिळून यार्देनेपलीकडील पेल्ला या गावी निघून गेली, ही परंपराही त्यानेच नोंदवली. या स्थलांतराच्या सत्यतेविषयी १९५१ मध्ये एस. जी. एफ. ब्रँडन यांनी शंका घेतली व त्यानंतर हा वाद चालूच आहे. पण युसेबियसने त्याहून अधिक काही केले. ज्यांनी वल्हांडणाच्या दिवसांत ख्रिस्ताला मारले ते वल्हांडणाच्याच दिवसांत कोंडले जाऊन मरावेत हे यथायोग्य होते, असे त्याने लिहिले. जोसेफसच्या लेखी जी आपल्याच लोकांच्या भाऊबंदकीची शोकांतिका होती, ती येथे ख्रिस्तहत्येची शिक्षा झाली. या बदलाचे दूरगामी परिणाम पुढे यहुदी समाजाला युरोपभर भोगावे लागले. तरीही युसेबियस आधुनिक अर्थाने पूर्तिवादी नव्हता. मंदिराचा नाश झाला, शेवटचे आगमन मात्र व्हावयाचे आहे, हीच मंडळीची सर्वमान्य भूमिका होती. 'ही पिढी' या शब्दांची अडचण काहींनी 'हा यहुदी वंश' असा, तर काहींनी 'श्रद्धावंतांची पिढी' असा अर्थ करून सोडवली. ग्रीक शब्दाच्या रूढ अर्थाशी हे अर्थ सहजपणे जुळत नाहीत.

धर्मसुधारणेचा काळ : एका वादाची गरज

मध्ययुगाची शतके या निबंधाच्या दृष्टीने झपाट्याने ओलांडता येतात. प्रकटीकरणातील हजार वर्षांचे राज्य म्हणजे मंडळीचाच चालू काळ, हे ऑगस्टीनचे मत पश्चिमेत रुजले आणि पूर्तीच्या तारखांची निकड ओसरली. ती पुन्हा उद्भवली सोळाव्या शतकात. ल्यूथर आणि त्याच्या अनुयायांनी पोपलाच ख्रिस्तविरोधी ठरवले. प्रकटीकरणातील सात टेकड्यांवर बसलेली बाबेल नगरी म्हणजे पोपचे रोम, हे समीकरण प्रॉटेस्टंट देशांत लहान मुलांनाही ठाऊक झाले.

कॅथलिक बाजूने, विशेषतः येशूसंघाच्या पंडितांनी, याला दिलेली उत्तरे मोठी उद्बोधक आहेत. स्पेनमधील फ्रान्सिस्को रिबेरा याने सोळाव्या शतकाच्या अखेरीस प्रतिपादन केले की, प्रकटीकरणाचा बहुतेक भाग जगाच्या अखेरच्या साडेतीन वर्षांविषयी आहे. सेव्हिलच्या लुईस दे अल्काझार याने नेमकी उलट वाट धरली. त्याचा प्रकटीकरणावरील जाडजूड ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १६१४ मध्ये अँटवर्प येथे प्रसिद्ध झाला. पुस्तकाचा पूर्वार्ध मंडळीचा यहुदी धर्माशी झालेला संघर्ष, उत्तरार्ध मूर्तिपूजक रोमशी झालेला संघर्ष आणि शेवट मंडळीचा विजय, अशी मांडणी त्याने केली. म्हणजे बहुतेक सारे घडून गेले. एकाच संघातील दोन पंडित, एक सर्व काही भविष्यात ढकलतो, दुसरा भूतकाळात. आणि दोन्ही मार्गांनी तत्कालीन रोम आरोपीच्या पिंजऱ्यातून सुटते. हे दोघेही अप्रामाणिक होते असे मुळीच म्हणावयाचे नाही. अल्काझारचे ग्रीक व ऐतिहासिक ज्ञान त्याच्या प्रॉटेस्टंट टीकाकारांपेक्षा कमी नव्हते. पण प्रश्न कोणत्या दिशेने विचारला जात होता हे त्यावरून स्पष्ट होते.

प्रॉटेस्टंटांमध्ये ही पद्धत आणण्याचे श्रेय प्रामुख्याने ह्यूगो ग्रोशियसकडे जाते. आंतरराष्ट्रीय कायद्याचा जनक म्हणून आपल्या राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांना परिचित असलेला हाच तो डच विद्वान. धार्मिक-राजकीय कलहात त्याला जन्मठेप झाली होती आणि १६२१ मध्ये लूव्हेस्टाइन किल्ल्यातून ग्रंथांच्या पेटीत लपून तो निसटला होता. विभागलेल्या मंडळींचा समेट हे त्याचे आयुष्यभराचे स्वप्न होते, आणि पोप हा ख्रिस्तविरोधी आहे असे एका पक्षाने धरून ठेवल्यास समेट अशक्य होता. १६४० मध्ये त्याने निनावी पुस्तिका काढून ख्रिस्तविरोधीसंबंधीच्या उताऱ्यांचा अर्थ पहिल्या शतकातील व्यक्तींना लावला. थेस्सलनीकाकरांच्या दुसऱ्या पत्रातील, मंदिरात बसणारा अधर्मी पुरुष म्हणजे सम्राट कलिगुला, असे त्याने म्हटले. कलिगुलाने आपला पुतळा यरुशलेमच्या मंदिरात बसवण्याचा हुकूम दिला होता, त्यामुळे हा तर्क निराधार नव्हता. अडचण एकच होती : कलिगुला ४१ मध्ये मारला गेला आणि पौलाचे हे पत्र त्यानंतरचे मानले जाते. म्हणून ग्रोशियसला पत्राचा काळच कलिगुलाच्या कारकिर्दीपर्यंत मागे ओढावा लागला. आधी अर्थ ठरला, मग त्या अर्थाला सोयीचा काळ शोधला गेला. ही पद्धत येथे प्रथमच इतकी उघडपणे दिसते आणि ती पुढे पुनःपुन्हा भेटणार आहे. समेटाचे स्वप्न तर साधले नाहीच. उलट ग्रोशियस पोपला विकला गेला अशी ओरड झाली.

इंग्लंडमध्ये राजा पहिल्या चार्ल्सचा धर्माधिकारी राहिलेला हेन्री हॅमंड याने १६५३ मध्ये नव्या करारावरील टीकाग्रंथ प्रसिद्ध केला. राजाचा शिरच्छेद होऊन चार वर्षे लोटली होती. दानीएलाच्या ग्रंथातील पाचवे राज्य आता इंग्लंडमध्येच अवतरणार असे मानणारे 'पाचवे राज्यवाले' त्या काळी जोरात होते. पुढे त्यांनी शस्त्रेही उचलली. अशा वेळी प्रकटीकरणातील 'लवकरच' हा शब्द मुळातल्या वाचकांसाठी होता, तुमच्या तलवारींसाठी नव्हे, असे सांगण्यात हॅमंडच्या पांडित्याइतकेच त्याच्या भयाचेही प्रतिबिंब आहे.

एकोणिसावे शतक : मिलर, स्टुअर्ट, रसेल आणि मुंबईत जन्मलेला फॅरार

अमेरिकेत विल्यम मिलर नावाच्या शेतकरी उपदेशकाने दानीएलाच्या आकड्यांवरून ख्रिस्ताच्या पुनरागमनाचे गणित मांडले. अखेर २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस त्याच्या अनुयायांनी निश्चित केला. हजारो लोक त्या रात्री वाट पाहत राहिले आणि दुसऱ्या दिवशी सूर्य नेहमीप्रमाणे उगवला. ही घटना 'महानिराशा' म्हणून प्रसिद्ध आहे. मॅसॅच्युसेट्समधील अँडोव्हर धर्मविद्यालयाचा प्राध्यापक मोझेस स्टुअर्ट याने या लाटेला विरोध म्हणून १८४२ मध्ये भविष्यवाण्यांच्या अर्थनिर्णयावर छोटे पुस्तक लिहिले आणि १८४५ मध्ये प्रकटीकरणावर दोन खंडांचे भाष्य प्रसिद्ध केले. जर्मन चिकित्सक पद्धत अमेरिकेत रुजवणाऱ्यांत स्टुअर्टचे स्थान मोठे आहे. ग्रंथ मूळ वाचकांच्या भाषेत व परिस्थितीत समजून घ्यावा, या तत्त्वावरून तो पूर्तिवादाकडे आला. (१८१३ मध्ये मुंबईत येऊन अमेरिकन मराठी मिशनचा पाया घालणारे गॉर्डन हॉल व सॅम्युअल नॉट हे याच विद्यालयाचे विद्यार्थी. पण हॉल १८२६ मध्येच वारला, तेव्हा स्टुअर्टच्या या ग्रंथांशी त्याचा संबंध जोडण्याचा मोह आवरला पाहिजे.)

लंडनमधील काँग्रिगेशनल धर्मोपदेशक जेम्स स्टुअर्ट रसेल याने १८७८ मध्ये ख्रिस्ताच्या पुनरागमनावर एक ग्रंथ निनावी प्रसिद्ध केला. १८८७ च्या आवृत्तीवर त्याचे नाव आले. त्याचे तर्कशास्त्र कठोर आहे. मंदिराचा नाश त्या पिढीत झाला असे मानावयाचे आणि त्याच वाक्यसमूहातील आगमन मात्र हजारो वर्षे पुढे ढकलावयाचे, याला आधार कोणता? म्हणून आगमनही ७० मध्येच झाले. मग कोणी त्याची नोंद का केली नाही? कारण जिवंत श्रद्धावंत त्या वेळी अदृश्यपणे उचलून नेले गेले, असे रसेल सांगतो. येथे वाचक थबकतो. पुरावा नसणे हाच ज्यात पुरावा ठरतो, असे विधान इतिहासाच्या कक्षेत तपासता येत नाही. तरीही रसेलचा प्रामाणिकपणा मान्य करावा लागतो. प्रकटीकरणातील हजार वर्षे आपल्या चौकटीत पुरती बसत नाहीत हे त्याने लपवले नाही.

फ्रेडरिक विल्यम फॅरार याचे उदाहरण वेगळे आहे. चर्च मिशनरी सोसायटीच्या एका मिशनऱ्याचा हा मुलगा १८३१ मध्ये मुंबईत जन्मला आणि पुढे कँटरबरीचा डीन झाला. १८८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्ती धर्माच्या आरंभकाळावरील ग्रंथात त्याने प्रकटीकरणातील श्वापद म्हणजे नीरो, हे मत सर्वसामान्य इंग्रजी वाचकांपर्यंत पोहोचवले. भाषाशास्त्राचा अभ्यासक आणि शाश्वत नरकाच्या कल्पनेला विरोध करणारा धर्मोपदेशक, अशा दोन्ही भूमिका त्याच्यात एकत्र होत्या. प्रकटीकरणातील अग्नी भूतकाळात सरकला की तो भविष्यात पेटत राहत नाही. फॅरारला पूर्तिवाद का भावला असावा, याचे एक कारण प्रस्तुत लेखकास येथे दिसते.

प्रकटीकरणाचा काळ : एक संख्या आणि एक क्रियापद

पूर्तिवादाची सर्वात नाजूक जागा ही आहे. प्रकटीकरण ७० पूर्वी लिहिले गेले नसेल तर ते ७० चे भाकीत असू शकत नाही. त्यामुळे या पुस्तकाच्या कालनिर्णयावर दोन्ही पक्षांनी आपली सर्व शक्ती पणाला लावली.

पूर्वकाळाच्या बाजूने सर्वात आकर्षक पुरावा ६६६ या संख्येचा. हिब्रूत अक्षरांनाच अंकमूल्य असते. 'नेरोन केसर' हे नाव हिब्रू अक्षरांत लिहिले तर नून ५०, रेश २००, वाव ६, नून ५०, कोफ १००, सामेख ६० आणि रेश २०० अशी बेरीज बरोबर ६६६ येते. १८३० च्या दशकात जर्मन विद्वानांनी हे दाखवून दिले. नावाची ही अक्षररचना ओढूनताणून केलेली आहे, हा आक्षेप मृत समुद्राजवळील वादी मुरब्बआत येथे सापडलेल्या, नीरोच्या दुसऱ्या वर्षातील एका कर्जपत्राने बराच निष्प्रभ केला, कारण त्यात नाव याच पद्धतीने लिहिलेले आहे. शेवटचा नून गाळून लॅटिन उच्चाराप्रमाणे लिहिल्यास बेरीज ६१६ होते, आणि काही प्राचीन हस्तलिखितांत ६१६ हीच संख्या आढळते; ऑक्सिरिंकस येथील, १९९९ मध्ये प्रकाशित झालेल्या पपायरसच्या तुकड्यांतही तीच आहे. नीरोचे समीकरण त्यामुळे बळकट होते. पण एवढ्यावरून ग्रंथ नीरोच्या हयातीत लिहिला गेला असे ठरत नाही. नीरो मेला नाही, तो पूर्वेकडून परत येईल, अशी अफवा त्याच्या मृत्यूनंतर अनेक वर्षे टिकून होती व तोतये नीरोही निर्माण झाले होते. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंच्या तोतयाने पेशवाईत उडवलेली धांदल ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे नवल वाटू नये. मृत नीरोची छाया घेऊन लिहिलेला ग्रंथ ७० नंतरचाही असू शकतो.

उत्तरकाळाच्या बाजूने मुख्य साक्ष आयरेनियसची. दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात तो लिहितो की, ते फार पूर्वी नव्हे, जवळजवळ आपल्याच पिढीत, डोमिशियनच्या कारकिर्दीच्या अखेरीस दिसले. डोमिशियनने ८१ ते ९६ या काळात राज्य केले. वाद आहे तो 'दिसले' या एका ग्रीक क्रियापदावर. त्याला उघड कर्ता नाही. कर्ता 'दर्शन' मानला तर ग्रंथ इ. स. ९५ च्या सुमाराचा ठरतो. कर्ता 'योहान' मानला तर योहान तेव्हा जिवंत होता, इतकेच निघते. पूर्तिवादी दुसरा अर्थ घेतात आणि येशू पन्नाशीच्या जवळपास पोहोचला होता असे लिहिणाऱ्या आयरेनियसवर किती विसंबावे, असेही विचारतात. हा प्रश्न अगदीच गैरलागू नाही. मात्र वाक्याचा सरळ ओघ 'दर्शन' याकडेच जातो, असे बहुसंख्य अभ्यासकांचे मत आहे.

मंदिर मोजण्याची आज्ञा अकराव्या अध्यायात आहे, म्हणजे मंदिर उभे असणार, असे एक पक्ष म्हणतो. यहेज्केल संदेष्ट्यानेही पहिले मंदिर पडल्यानंतर दर्शनात मंदिर मोजलेले पाहिले होते, याची दुसरा पक्ष आठवण देतो. सात राजांपैकी पाच पडले, एक आहे, या उल्लेखावरून राजे मोजावयाचे तर ज्यूलियस सीझरपासून की ऑगस्टसपासून, येथेच मतभेद. प्रस्तुत लेखकास सर्वात वजनदार वाटतो तो 'बाबेल' या नावाचा मुद्दा. रोमला बाबेल म्हणण्याची रीत यहुदी साहित्यात आढळते ती ७० नंतरच्या ग्रंथांत, कारण बाबेलने पहिले मंदिर पाडले तसे रोमने दुसरे पाडले. प्रकटीकरणात हे नाव इतक्या सहजपणे येते की, वाचकांना ती तुलना आधीच परिचित असावी. याने प्रश्न निकालात निघत नाही. कल मात्र उत्तरकाळाकडे झुकतो. दुसरीकडे, डोमिशियनने ख्रिस्ती लोकांचा सार्वत्रिक छळ केला ही जुनी समजूत १९९० मध्ये लिओनार्ड थॉम्पसन यांच्या अभ्यासाने खिळखिळी केली, त्यामुळे उत्तरकाळवाद्यांचाही एक नेहमीचा आधार गेला.

विसावे शतक आणि नंतर

अठराव्या शतकात रायमारुसने आणि १९०६ मध्ये अल्बर्ट श्वाइट्झरने तिसराच पर्याय समोर ठेवला : येशूने किंवा त्याच्या शिष्यांनी अंत जवळ असल्याचे सांगितले आणि ते चुकले. १९२७ मध्ये बर्ट्रंड रसेल यांनी आपण ख्रिस्ती का नाही हे सांगताना याच वचनांवर बोट ठेवले. आधुनिक पूर्तिवादाला यामुळे नवी निकड प्राप्त झाली. अमेरिकन धर्मशास्त्रज्ञ आर. सी. स्प्राउल यांनी १९९८ मधील आपल्या पुस्तकात बर्ट्रंड रसेल यांच्या आक्षेपाचा मुकाबला करण्यासाठीच पहिल्या शतकातील पूर्तीचा विचार मांडला. दुसऱ्या बाजूला भविष्यवादाचा सुकाळ होता. १९०९ च्या स्कोफील्ड बायबलमधील टिपांनी तो घरोघर नेला आणि १९७० मध्ये हॅल लिंडसे यांच्या पुस्तकाने 'ही पिढी' म्हणजे १९४८ मध्ये इस्राएल राष्ट्र स्थापन झाल्यापासूनची पिढी, असे लाखो वाचकांच्या मनावर बिंबवले. चाळीस वर्षांची तीच पिढी १९८८ मध्ये संपली. केनेथ जेंट्री यांचा प्रकटीकरण ७० पूर्वीचे ठरवणारा प्रबंधग्रंथ १९८९ मध्ये आला, हे या पार्श्वभूमीवर पाहण्यासारखे आहे.

सर्वात अनपेक्षित मदत पूर्तिवाद्यांना मिळाली ती जॉन रॉबिन्सन या उदारमतवादी अँग्लिकन बिशपाकडून. १९६३ मध्ये रूढ ईश्वरकल्पनेवर लिहून खळबळ उडवणाऱ्या रॉबिन्सन यांनी १९७६ मध्ये संपूर्ण नवा करार ७० पूर्वीचा असल्याचे प्रतिपादन केले. एवढ्या मोठ्या आपत्तीचा, ती घडून गेली असल्याचा स्पष्ट उल्लेख नव्या करारात कोठेच कसा नाही, हा त्यांचा प्रश्न. लूकातील वेढ्याचे वर्णन ७० पाहून नव्हे, तर पहिल्या मंदिराच्या नाशाच्या जुन्या करारातील वर्णनांवरून घडले आहे, हे सी. एच. डॉड यांचे १९४७ मधील निरीक्षण त्यांनी आधाराला घेतले. उलट पक्षी, मत्तयाच्या बाविसाव्या अध्यायातील दृष्टान्तात राजा सैन्य पाठवून नगर जाळतो, या ओळीत ७० चा धूर स्पष्ट दिसतो असे अनेकांना वाटते.

येथे दोन्हीकडील एक दोष नोंदवावासा वाटतो. भाकीत अचूक आहे म्हणून ते घटनेनंतर लिहिले गेले, असे संशयवादी म्हणतो. भाकीत अचूक आहे म्हणून ते घटनेपूर्वीचे असलेच पाहिजे, नाहीतर ते भाकीत कसले, असे श्रद्धावान म्हणतो. दोघेही काळ ठरवण्यापूर्वीच भाकिताच्या शक्याशक्यतेविषयी निर्णय घेऊन बसलेले असतात. ७० पूर्वी यरुशलेमचा नाश होईल असे म्हणण्यासाठी दैवी दृष्टीची गरज नव्हती. हनन्याच्या मुलानेही ते सांगितले होते. त्यामुळे मार्काचा तेरावा अध्याय ६५ चा की ७५ चा, हे भाकिताच्या चमत्कारावरून ठरवता येणार नाही.

मंडळीच्या अंतर्गत मात्र वाद वेगळ्याच सीमेवर पेटला. ओहायोतील मॅक्स किंग यांच्या १९७१ मधील पुस्तकापासून 'पूर्ण पूर्तिवाद' आकाराला आला : आगमन, न्याय आणि पुनरुत्थान ही तिन्ही ७० मध्ये झाली, पुढे काहीही उरले नाही. जेंट्री व स्प्राउल यांच्यासारख्या अंशपूर्तिवाद्यांनी याला तीव्र विरोध केला. जिवंतांचा व मृतांचा न्याय करण्यास ख्रिस्त पुन्हा येईल, हे चौथ्या शतकापासून मतांगीकारात म्हटले जाते, आणि पुनरुत्थान होऊन गेले असे सांगणाऱ्या हुमनाय व फिलेत यांचा निषेध तीमथ्याच्या दुसऱ्या पत्रातच आहे. विरोधाभास असा की, रसेलने उभा केलेला प्रश्न, एकच वाक्यसमूह मधोमध तोडावयाचा तो कोणत्या नियमाने, याचे समाधानकारक उत्तर अंशपूर्तिवाद्यांना अद्याप देता आलेले नाही. आणि न घडलेल्या घटनांचे स्थळ-काळ दाखवणे पूर्णपूर्तिवाद्यांना जमलेले नाही.

ज्यांचे मंदिर पडले ते लोक

या दीर्घ वादात एक गोष्ट सतत मागे पडत गेली. ७० ही ख्रिस्ती पंडितांसाठी पुराव्याची तारीख होती. यहुदी लोकांसाठी ती घर बुडाल्याची तारीख होती. मंदिरासाठी ते जो वार्षिक कर देत, तोच व्हेस्पेशियनने रोममधील ज्युपिटरच्या मंदिराकडे वळवला आणि साम्राज्यातील प्रत्येक यहुद्यावर बसवला. रोमच्या विजयकमानीवर मंदिरातील सप्तदीपवृक्ष खांद्यावर वाहून नेणारे सैनिक आजही दिसतात. १९६८ पासून बेंजामिन मझार यांनी सुरू केलेल्या आणि पुढे इतरांनी चालवलेल्या उत्खननात मंदिराच्या आवाराच्या नैर्ऋत्य कोपऱ्याखाली, त्या काळच्या फरसबंद रस्त्यावर वरून ढकलून दिलेल्या चिऱ्यांचा ढीग जसाच्या तसा सापडला. दरम्यान याव्ने येथे योहानान बेन झक्काई आणि त्याच्या शिष्यांनी यज्ञाशिवाय, मंदिराशिवाय धर्म कसा चालवावा याची मांडणी सुरू केली होती. पूर्तिवादी ग्रंथांत वेढ्यातील मृतांची संख्या हटकून येते. याव्नेचे नाव क्वचितच येते. यहुदी धर्म ७० मध्ये संपला असे मानल्याखेरीज 'सर्व पूर्ण झाले' हे सूत्र नीट बसत नाही, हे त्याचे कारण असावे.

फॅरारच्या जन्माच्या पस्तीस वर्षे आधी, १७९६ मध्ये, त्याच मुंबईत सॅम्युअल दिवेकर यांनी बेने इस्राएल समाजाचे पहिले प्रार्थनालय बांधले होते. या मराठीभाषक समाजात मंदिराच्या नाशाच्या स्मरणार्थ आब महिन्याच्या नवमीला उपवास करण्याची प्रथा होती. हाइम सॅम्युअल केहिमकर यांनी १८९७ मध्ये लिहून पूर्ण केलेल्या व १९३७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बेने इस्राएलांच्या इतिहासात या दिवसाचे कोकणातील नाव नोंदवलेले आहे : बिरड्याचा सण.